अमेरिकेवर चर्चासत्र घ्या, पण प्रश्न आपले आणा

गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयात ‘अमेरिकन संस्कृती, इतिहास आणि समाज’ या विषयावर चर्चासत्र ठेवायचं म्हटलं, की दोन आवाज हमखास ऐकू येतात. पहिला म्हणतो, ‘आपला काय संबंध? इथे धानाला भाव नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, आणि तुम्हाला अमेरिका सुचते!’ दुसरा म्हणतो, ‘विषय चांगला आहे. इंग्रजी विभागाकडे देऊन टाका.’

माझं भांडण दोघांशीही आहे.

पहिल्याला अमेरिका ही चैन वाटते. पण हे बोलताना त्याच्या खिशात जो फोन असतो, त्यातली प्रणाली, त्यातलं व्हॉट्सअ‍ॅप, पोरीने सकाळी टाकलेलं रील, हे सगळं एकाच देशातल्या तीन-चार कंपन्या चालवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने अनेक भारतीय मालांवर ५० टक्के आयातशुल्क लावलं. सप्टेंबरमध्ये एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. तेव्हा आमगाव-तिरोड्याच्या चहाटपरीवरसुद्धा त्याची चर्चा झाली. संबंध आहेच. तो समजून घ्यायचा की नुसता भोगायचा, एवढाच प्रश्न आहे.

दुसऱ्याला अमेरिका हा एका विभागाचा अभ्यासक्रम वाटतो. हा आवाज जास्त घातक, कारण तो कार्यक्रम खरोखर घडवून आणतो आणि विषय मारून टाकतो.

फोल्डर, शाल आणि पाच मिनिटं

जिल्ह्याच्या कॉलेजात तीन वर्षं काढलेल्या कुणालाही चर्चासत्र कसं होतं हे सांगायची गरज नाही. बॅनरवर विषयापेक्षा मान्यवरांचे फोटो मोठे. शीर्षकात ‘राष्ट्रीय’ किंवा ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द, त्यासाठी परराज्यातला एक पाहुणा किंवा परदेशातून ऑनलाइन येणारा एक ओळखीचा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मग बीजभाषण. तोवर दीड वाजतो. जेवणानंतर ‘पेपर वाचन’. प्रत्येकाला पाच मिनिटं, आणि तिसऱ्या मिनिटाला अध्यक्षांची चिठ्ठी. प्रश्नोत्तरांना वेळ नाही, कारण नागपूरची गाडी चुकायला नको. चार वाजता प्रमाणपत्र, आणि काही महिन्यांनी एक जाडजूड पुस्तक. त्याला आयएसबीएन क्रमांक असतो, वाचक नसतो.

अमेरिकेवरच्या अशा सत्रांत काय वाचलं जातं? आर्थर मिलरच्या नाटकातला एकाकीपणा. टोनी मॉरिसनच्या कादंबरीतली अस्मिता. ‘द ग्रेट गॅट्सबी’ आणि अमेरिकन स्वप्न. मिलर मोठाच, मॉरिसन तर फारच मोठी. आक्षेप त्यांच्यावर नाही. आक्षेप असा, की तो निबंध गोंदियात लिहिला, जयपूरला लिहिला की कोइमतूरला, हे त्यातल्या एकाही ओळीवरून कळत नाही. लिहिणारा कुठे उभा आहे, हेच दिसत नाही. ज्या लेखिकेने आयुष्यभर आपल्या माणसांच्या जागेवरून जग पाहिलं, तिच्यावर आपण लिहितो, आणि लिहिताना आपली जागा तेवढी पुसून टाकतो.

याचा दोष एकट्या प्राध्यापकाच्या माथी मारून चालणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी निबंध, चर्चासत्रं, प्रकाशनं यांना गुण चिकटवले आणि बढतीचा हिशेब त्यांच्याशी जोडला. नियम पुढे बदलत गेले, सवय राहिली. अर्धे वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या खांद्यावर. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, त्याने दोन वर्षं एका प्रश्नामागे लागावं, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? पण व्यवस्था वाईट आहे म्हणून नक्कल चांगली ठरत नाही. आणि या नक्कलेची किंमत मोजतो मागच्या बाकावरचा विद्यार्थी. त्याला वाटतं, अभ्यास म्हणजे हेच.

एक पेपर: ९ मे १९१६

चर्चासत्रात वाचलेला एखादा पेपर काय करू शकतो, याचं उदाहरण आपल्याच घरात आहे.

न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. मानववंशशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांचं सेमिनार. तारीख ९ मे १९१६. पंचवीस वर्षांच्या एका मराठी विद्यार्थ्याने तिथे भारतातल्या जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यावर निबंध वाचला. विद्यार्थ्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर तो १९१३ मध्ये तिथे पोहोचला होता.

त्या निबंधात पाहुण्यांना खूश करणारं काही नाही. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले या जातीवरच्या तेव्हाच्या दादा अभ्यासकांची मतं तो एकेक करून तपासतो आणि त्यांत काय कमी आहे ते दाखवतो. चौथं नाव श्रीधर व्यंकटेश केतकरांचं, म्हणजे पुढे मराठी ज्ञानकोश करणाऱ्या केतकरांचं. केतकरांनी अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठात शिकताना जातीवर काम केलं आणि १९०९ मध्ये पुस्तक काढलं होतं. म्हणजे दोन मराठी माणसं अमेरिकेच्या भूमीवर जातीबद्दल वाद घालत होती. एक दुसऱ्याला मान देत होता आणि खोडतही होता. आंबेडकरांनी मांडलं, की जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न लावण्यात आहे, आणि ते टिकवण्यासाठी सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा लागल्या. पुढच्या वर्षी हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. आज शंभराहून अधिक वर्षांनी तो जगभर शिकवला जातो.

बघा, त्याने काय केलं. अमेरिकन विद्यापीठाकडून पद्धत घेतली, ग्रंथालय घेतलं, मोकळेपणा घेतला. प्रश्न मात्र महू-सातारा-मुंबईहून सोबत नेला होता. आपली चर्चासत्रं नेमकं उलट करतात. पद्धत नाही, ग्रंथालय नाही, मोकळेपणाही नाही. प्रश्न तेवढा तिकडून आयात.

हे नातं पुढेही तुटलं नाही. १९४६ मध्ये आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस या थोर काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे आपली कैफियत मांडली आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण अस्पृश्यांसाठी तोच मार्ग धरता येईल का, हे ते तपासत होते. द्यु बॉइसनी उत्तरही दिलं. अमेरिकेचा अभ्यास म्हणतात तो हा: कामासाठी केलेला आणि कामाला आलेला.

एक गोष्ट आपल्या भागासाठी. १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने आंबेडकरांना बोलावून एलएल. डी. ही सन्मान्य पदवी दिली. १९५४ मध्ये ते भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता, वेगळा जिल्हा १९९९ मध्ये झाला. भंडारा मतदारसंघाने त्यांना पाडलं. आपल्या जिल्ह्यात अमेरिकेवर सत्र घेणाऱ्याला सुरुवात कुठून करायची हा प्रश्न पडत असेल, तर या दोन तारखा समोरासमोर ठेवाव्यात. अमेरिकेला काय दिसलं आणि आपल्याला काय दिसलं नाही, यावर दिवसभर बोलता येईल.

‘लोकस्थिती’ नावाचा शब्द

‘मराठीत अमेरिकेवर अभ्यासाचं काही नाहीच हो’ असं सांगणारे भेटतात. त्यांना १८८९ सालात पाठवायला हवं.

त्या वर्षी पंडिता रमाबाईंचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ प्रसिद्ध झालं. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्या पदवीदानाला हजर राहायला रमाबाई गेल्या, आणि पुढची जवळपास तीन वर्षं अमेरिकेतच फिरत, भाषणं देत, निधी जमवत राहिल्या. परतल्यावर १८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, आणि त्याच वर्षी हे पुस्तक मराठी वाचकाच्या हाती दिलं.

नावातला पहिला शब्द पाहा: लोकस्थिती. प्रवासवृत्त नंतर येतं. राज्यकारभार कसा चालतो, घरं कशी असतात, शाळा कशा, धर्म आणि दानधर्म कसा, बायकांची स्थिती काय, हे सगळं त्या मांडतात. आपल्या चर्चासत्राच्या शीर्षकात ‘संस्कृती, इतिहास आणि समाज’ असे तीन शब्द लागतात. रमाबाईंनी एका शब्दात काम भागवलं.

हे पुस्तक भारावलेल्या पाहुणीचं नाही. प्रजासत्ताकाचं, बायकांच्या संघटनांचं त्यांना अपार कौतुक आहे. पण काळ्यांशी आणि मूळ रहिवाशांशी तो समाज कसा वागला, हेही त्या लिहितात. बायकांना शिक्षण मिळतं आणि तरी मताचा हक्क नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत तो हक्क यायला १९२० उजाडलं. पुणे-मुंबईच्या विधवांसाठी शाळा काढायची होती म्हणून अमेरिकेतल्या बायकांनी काय, कसं उभारलं हे त्यांना कळून घ्यायचं होतं. पुन्हा तेच: प्रश्न इथला, पाहणी तिथली.

आणि आपण काय केलं? हे पुस्तक इंग्रजीत आलं २००३ मध्ये, मीरा कोसंबींच्या अनुवादाने, अमेरिकेतल्याच इंडियाना विद्यापीठाच्या प्रकाशनाकडून. त्याच वर्षी आणखी एक इंग्रजी अनुवादही निघाला. तिकडच्या वर्गांत एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेवरची बाहेरची साक्ष म्हणून ते वाचतात. आपल्या किती पदवीधरांनी त्याचं नाव ऐकलंय? तुम्ही ऐकलं होतं का?

रमाबाईंच्याही सोळा वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं. गुलामगिरी नष्ट करायला ज्यांनी निःस्वार्थ खस्ता खाल्ल्या, त्यांचा आदर म्हणून. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा आठच वर्षं झाली होती. त्या आधी अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा फुल्यांनी पाहिली होती. फुल्यांची अमेरिका काहीशी उजळ आहे, हे खरं. १८७७ नंतर दक्षिणेतल्या काळ्यांचे मिळालेले हक्क एकेक करून काढून घेतले गेले. पण त्या अर्पणपत्रिकेचं मोल तिथे नाहीच. एका माळ्याच्या पोराने पुण्यात बसून सांगितलं, की तुमच्याकडच्या गुलामाचं आणि माझ्याकडच्या शूद्रातिशूद्राचं दुखणं एकाच खात्यात मांडता येतं. जगाच्या इतिहासाकडे पाहायला त्याने कुणाची परवानगी मागितली नाही.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावच ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. त्याच्या मागेपुढे अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखडे, लातूरचे जनार्दन वाघमारे यांनी काळ्या लेखकांचं साहित्य मराठी वाचकांपर्यंत आणलं. हे इंग्रजीचेच प्राध्यापक होते, हे विसरू नका. इंग्रजी विभागाला हे जमत नाही असं नाही. जमलं होतं.

गहू त्यांचा, रुपये त्यांचे, पुस्तकं आपली

आता एक वाजवी शंका. ‘अमेरिकन स्टडीज’ हा विषयच मुळात अमेरिकेने आपल्या प्रचारासाठी जगभर पेरला, मग आपण त्यात का शिरायचं?

शंका खरी आहे, म्हणून नीट पाहू. १९५४ मध्ये अमेरिकेने पब्लिक लॉ ४८० हा कायदा केला. आपल्या आजी-आजोबांना हा आकडा पाठ होता. पीएल ४८० चा गहू, रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी. या धान्याचे पैसे भारत रुपयांत देई, आणि ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर साचत. साचून साचून इतके झाले, की १९७४ मध्ये अमेरिकेच्या राजदूताने त्यातले १,६६४ कोटी रुपये एका धनादेशाने भारत सरकारला परत दिले.

मधल्या काळात या रुपयांचं काय झालं? काही वाटा शिक्षणाच्या देवाणघेवाणीत गेला. १९६४ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर निघालं. देशभरातले प्राध्यापक तिथे राहून वाचायला जात, असं त्याचं ग्रंथालय होतं. शीतयुद्ध संपलं, तिकडचा रस ओसरला, पैसा आटला, आणि त्या केंद्राची रयाही गेली. दुसऱ्याच्या पैशावर, दुसऱ्याच्या प्रश्नांवर उभा केलेला अभ्यास दुसऱ्याचा रस संपला की संपतो.

पण याच रुपयांची दुसरी बाजू जास्त बोचरी आहे. १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत कार्यालय थाटून भारतीय भाषांतली पुस्तकं या निधीतून विकत घेतली आणि अमेरिकन विद्यापीठांना धाडली. त्यात मराठीही होती. कादंबऱ्या, मासिकं, पुस्तिका. आपल्या तालुक्याच्या वाचनालयात न मिळणारं मराठी पुस्तक शिकागोच्या कपाटात सापडतं, ते यामुळे.

आणि त्यांनी ती वाचली. एलिनॉर झेलियट यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आंबेडकर आणि महार चळवळीवर प्रबंध केला, १९६९ मध्ये. गेल ऑम्वेट यांनी बर्कलीहून सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर केला, आणि नंतर त्या सांगली जिल्ह्यात कासेगावला येऊन राहिल्या त्या कायमच्या. मॅक्सीन बर्नसन फलटणला आल्या, मराठी शिकल्या, शाळा काढली. ही माणसं आपली झाली, त्यांच्याविषयी कृतज्ञताच आहे. पण मला हिशेब विचारू द्या. त्यांच्यातल्या एकीने मराठी शिकून आपल्या चळवळीचे कागद चाळले. आपल्यातल्या कुणी मिसिसिपीच्या कापूस-मजुरांच्या संघटनेवर, डाकोटातल्या आदिवासी वस्त्यांवर, टेक्ससच्या दुष्काळावर असं मराठी पुस्तक लिहिलंय? ते आपल्याला अभ्यासतात आणि आपण त्यांना नुसतं पाहतो, पडद्यावर.

म्हणून प्रचाराच्या शंकेला माझं उत्तर: प्रचार होता म्हणूनच शिरायचं. ज्याचा प्रचार आपल्यावर होतो त्याचा अभ्यास करायचा नाही, म्हणजे त्याचंच काम सोपं करायचं.

गोंदियाकडे असलेले तीन प्रश्न

‘आपले प्रश्न’ म्हणजे नेमके कोणते? तीन सांगतो. तिन्ही आपल्या जिल्ह्यातल्या वस्तूंमधून निघतात.

पहिला, धान. गोंदिया म्हणजे राईस मिलची नगरी. पऱ्हे, रोवणी, बांधी हे शब्द ज्या पोरांच्या तोंडी उपजत आहेत, त्यांना अमेरिकेच्या इतिहासातलं एक पान कुणी दाखवतं का? साउथ कॅरोलायना ही सतराव्या शतकाच्या अखेरीपासून धानावर श्रीमंत झालेली वसाहत. चार्ल्सटन शहरातल्या त्या देखण्या हवेल्या धानाच्या पैशाच्या. आणि धान पिकवलं पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी. ज्युडिथ कार्नी या भूगोलाच्या अभ्यासिकेने २००१ मध्ये ‘ब्लॅक राइस’ नावाच्या पुस्तकात मांडलं, की नुसते हात आणले नव्हते, ज्ञानही आणलं होतं. पाणी कसं अडवायचं, धान उखळात कसं कांडायचं, सुपाने कसं पाखडायचं, हे सेनेगल-गांबियापासून सिएरा लिओनपर्यंतच्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या येत होतं, आणि त्यातलं बरंच बायकांच्या हातात होतं. गोऱ्या मालकाला त्यातलं फारसं माहीत नव्हतं. नाव मात्र मालकाचं झालं. काही इतिहासकारांनी कार्नी यांच्या मांडणीला जोरदार हरकत घेतली आहे. गुलामांच्या ज्ञानाचा वाटा त्या म्हणतात तितका होता का, यावर अजून वाद आहे.

या वादात सगळ्यात अधिकाराने कोण बोलू शकेल? मॅनहॅटनमधला समीक्षक, की चिखलात दिवसभर वाकून रोवणी केलेली, सूप हातात धरलेली अर्जुनी मोरगावची एम. ए. ची विद्यार्थिनी? सुपाने पाखडणं हे ‘कौशल्य’ आहे की ‘ज्ञान’, हा प्रश्न तिच्यासाठी पुस्तकी नाही. तिच्या आईला मजुरी कोणत्या हिशेबाने मिळते, याच्याशी तो जोडलेला आहे. तिला कुणी विचारत नाही. तिला एकाकीपणावर पाच मिनिटं बोलायला लावतात.

दुसरा, बिडी. भंडारा-गोंदियाच्या जंगलातला तेंदूपत्ता आणि घराघरांत बिड्या वळणाऱ्या बायका यांवर इथला मोठा व्यापार उभा राहिला. पान आपलं, पण आतली तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. ती पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली. इंग्रजांची व्हर्जिनियातली वसाहत तगली ती तंबाखूच्या पिकावर. तिथेच १६१९ मध्ये पहिले आफ्रिकी बंदिवान आणले गेले, आणि पुढे तंबाखूच्या मळ्यांवर गुलामगिरी रुजली. अमेरिकन श्रमाचा इतिहास तंबाखूपासून शिकायला लागलो, तर तो आपल्या ओसरीवर येऊन थांबतो. १९९० च्या दशकात अमेरिकन पोरांत सुगंधी बिड्यांची टूम निघाली होती, आणि १९९९ मध्ये तिथल्या सीमाशुल्क खात्याने एका भारतीय कंपनीच्या बिड्यांची आयात बालमजुरीच्या कारणावरून रोखली. ही बंदी मुलांच्या भल्याची होती की व्यापाराच्या सोयीची? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण बोलायला बिडी वळणाऱ्या घरातलं कुणी सत्रात हवं ना.

तिसरा, जंगल. १८७२ मध्ये अमेरिकेने यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान केलं, आणि ‘राष्ट्रीय उद्यान’ ही कल्पना तिथून जगभर गेली. त्या जमिनीवर शोशोनी, क्रो, बॅनॉक अशा आदिवासी जमाती शिकार करत, ये-जा करत, काही तिथेच राहत. उद्यान झालं आणि ते घुसखोर ठरले. मग पर्यटकांना सांगितलं गेलं, हा बघा निर्मनुष्य निसर्ग. आपल्याकडे नवेगावबांधचं राष्ट्रीय उद्यान १९७५ चं, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ चा. मध्ये २००६ चा वनहक्क कायदा आला आणि त्याने मान्य केलं, की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला आहे. वाघ वाचवायचाच आहे, त्यावर वाद नाही. पण ‘माणूस बाहेर काढला की जंगल वाचतं’ ही समजूत कुठे जन्मली, कुणाच्या जमिनीवर पहिल्यांदा वापरली गेली, आणि आज अमेरिकेतच तिच्यावर काय टीका होते, हे देवरी-सालेकशाच्या गोंड पोराला कळलं तर ग्रामसभेत तो वेगळ्या ताकदीने उभा राहील.

त्याच पोराला आणखी एक गोष्ट कळायला हवी. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइल नावाची निवासी शाळा निघाली. आदिवासी मुलांना घरापासून दूर न्यायचं, केस कापायचे, नाव बदलायचं, स्वतःची भाषा बोलू द्यायची नाही, म्हणजे ती ‘सुधारतील’, हा तिचा मार्ग. आनंदीबाई त्याच राज्यात डॉक्टर होत होत्या, त्या वर्षांत ही शाळा जोरात चालू होती. एकच राज्य एकीला दार उघडतं आणि शेकडो मुलांचं घर बंद करतं. आपल्या आश्रमशाळा म्हणजे कार्लाइल नव्हेत. हेतू वेगळा, कायदा वेगळा. पण गोंडी बोलणारं लेकरू पहिलीत गेल्यावर त्याच्या भाषेचं काय होतं, हा प्रश्न कार्लाइल वाचल्यावर टाळता येत नाही.

मग सत्र कसं घ्यायचं?

मराठीत घ्या. इथली भाषा नुसती पुस्तकी मराठी नाही, हेही लक्षात ठेवा. झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी, ज्याला ज्यात विचार करता येतो त्यात त्याला बोलू द्या. इंग्रजी वाचायला लागेलच, त्यात सवलत नाही. इंग्रजीत वाचून मराठीत मांडणं हे अवघड काम आहे, आणि खरा अभ्यास तिथेच होतो, कारण भाषांतर करताना न कळलेलं लपवता येत नाही.

एका दिवसात चाळीस पेपर नकोत, चार पुरे. प्रत्येकाला एक तास, त्यातली निम्मी वेळ प्रश्नांना. इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, शेतकी आणि इंग्रजी एका टेबलावर बसवा. राईस मिलचा मालक, बिडी कामगार आणि वनहक्क समितीचा सदस्य यांना शाल देऊ नका, माइक द्या. प्रमाणपत्र देणारच असाल, तर ज्याने प्रश्न विचारला त्याला द्या.

‘साधनं कुठून आणायची?’ ही सबब आता चालत नाही. रमाबाईंना जाऊन शंभर वर्षं उलटली, त्यांचं पुस्तक कुणाच्याही हक्कात अडकलेलं नाही. आंबेडकरांचा १९१६ चा निबंध महाराष्ट्र शासनाने काढलेल्या समग्र लेखनाच्या पहिल्याच खंडात आहे आणि फोनवर फुकट वाचता येतो. कार्लाइलच्या विद्यार्थ्यांची कागदपत्रं अमेरिकेतल्या एका कॉलेजने इंटरनेटवर खुली ठेवली आहेत. १९१३ मध्ये ग्रंथालयासाठी बोटीने समुद्र ओलांडावा लागत होता.

आणि हे वाचणाऱ्या तुम्हाला थेट सांगतो. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडचा गुडघ्याखाली जीव गेला तेव्हा तुमच्यातल्या अनेकांनी काळा चौकोन स्टेटसला ठेवला. वाईट नव्हतं ते. पण फुल्यांनी स्टेटस ठेवलं नव्हतं. त्यांनी तिथल्या गुलामगिरीच्या आरशात इथली ओळखली आणि तिला नाव दिलं. तुम्ही रोज दोन-तीन तास अमेरिका बघता. तिचे विनोद, तिची भांडणं, तिची गाणी तुम्हाला तुमच्या प्राध्यापकांपेक्षा जास्त कळतात. अमेरिकेशी तुमची ओळख आहेच. तिला प्रश्न विचारायचा राहिलाय.

पुढच्या वेळी कॉलेजच्या फलकावर असं चर्चासत्र लागलं, तर नोंदणी करा, पैसे भरा, पुढच्या रांगेत बसा. आणि बीजभाषण संपल्यावर उठून विचारा: ‘सर, कॅरोलायनात धान कोण लावत होतं?’